माझ्या जाऊबाईंची द्राक्षसहल

माझी थोरली जाऊ छबुबाई हिच्याशी भांडून आजवर कुणी जिंकलेलं नाही. मी एकोणतीस वर्षं भांडतेय, म्हणून खात्रीनं सांगते.

आष्टी तालुक्यातल्या कडा गावापासून चार किलोमीटरवर आमची वाडी. वाडीत दारूचं दुकान नाही, ते हिच्यामुळे. बारा वर्षांपूर्वी त्यासाठी बायकांचं मतदान झालं. चिठ्ठीवर दोन चित्रं असतात, उभी बाटली आणि आडवी बाटली. दुकान राहू द्यायचं तर उभीवर शिक्का, बंद करायचं तर आडवीवर. गावातल्या निम्म्याहून जास्त बायकांनी आडवीवर शिक्का मारला तरच दुकानाला कुलूप लागतं, त्यामुळे घरी बसलेलीचं मत दुकानदाराच्याच खिशात. छबुबाईनं त्या दिवशी एक ओली बाळंतीण आणि एक पाय मोडलेली म्हातारी बाजेवर घालून मतदानाला आणली होती. म्हातारी शिव्या देत होती, पण शिक्का तिनं आडवीवरच मारला.

त्याच्या आदल्या वर्षी थोरले भावजी, म्हणजे तिचा नवरा आश्रुबा, दारूनं गेले. लिव्हर संपलं होतं. त्यांची एकुलती एक मुलगी रोहिणी तेव्हा चौदा वर्षांची होती. तेव्हापासून छबुबाईच्या पुढ्यात कुणी दारूचा विषयसुद्धा काढत नाही. तिच्या सख्ख्या भावानं आपला गाळा परमिट रूमला भाड्यानं दिला, तर तिनं भावाचं नाव टाकलं. भाचीच्या लग्नाला गेली नाही. नऊ वर्षं झाली, भाऊ दारात येऊन उभा राहिला तरी ती धुणं धुवायला निघून जाते. असली बाई.

आणि हिची मुलगी नाशिककडे एका वायनरीत लोकांना वाइन चाखायला देते.

हे मला माहीत होतं, छबुबाईला नव्हतं. रोहिणीनं कृषीची पदवी घेतली आणि आईला सांगितलं, द्राक्षाच्या कंपनीत तपासणीला आहे. मला मात्र खरं सांगितलं. मी अंगणवाडीसेविका, दुसऱ्यांच्या पोरांची वजनं गुपचूप दोनदा घेणारी बाई, गुपित पोटात ठेवायची मला सवय आहे. पण दोन वर्षं हे गुपित माझ्या पोटात मुक्कामाला होतं आणि छबुबाई रोज संध्याकाळी माझ्याच ओट्यावर बसून "आमची रोही तपासणी करती" असं येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होती. प्रत्येक वेळी मला उठून आत जावं लागायचं.

फेब्रुवारीत मोहनरावांचा अमरसिंह आमच्या बचत गटाकडे आला. मोहनराव म्हणजे आमच्याकडचे बडे बागायतदार, जिल्हा परिषदेचे माजी सदस्य. मुलानं तीन एकर द्राक्षं लावली होती आणि त्याला तोडणीला हात बसलेल्या बायका हव्या होत्या. "काकू, नाशिककडं एक दिवसाची सहल करू. बाग बघा, तोडणी बघा, जेवण तिकडंच. माहिती द्यायला माणूस असतो," तो म्हणाला. द्राक्षं वाइनची आहेत, हे तेवढं त्यानं गिळलं. छबुबाई गटाची अध्यक्ष. तिनं सतरा बायकांची नावं दिली, पहिलं स्वतःचं.

पहाटे सहाला गाडी निघाली. नगर मागं टाकून आम्ही चहाला थांबलो तेव्हा रोहिणीचा फोन आला.

"काकू, आई कुठंय?"

"चहा पितीय. साखर कमी हाय म्हणून टपरीवाल्याला झापतीय."

"काकू, तुमची गाडी आमच्याच इथं येतीय. मी आत्ता यादी बघितली. कडा, तालुका आष्टी, पहिलंच नाव आईचं."

चहा तसाच बाकड्यावर ठेवला. मी टपरीच्या मागं गेले.

"मग तू सुट्टी टाक की!"

"शनिवार हाय, दुसरा गाईड आजारी हाय. मी न्हाई म्हणलं तर कोण करनार? काकू, पाया पडते तुमच्या. बागंत दुसरा माणूस आसतो, तिथं कितीबी येळ फिरू द्या. फकस्त त्या चाखायच्या हॉलमधी तिला आणू नका. तिनं मामाला टाकलं, मला बी टाकंल."

फोन बंद झाला आणि माझा जीव टांगणीला लागला. पुढचे तीन तास मी त्या गाडीत कशी बसले माझं मला माहीत. सीट टोचत होती, खिडकी लावली की गुदमरत होतं, उघडली की डोक्यात वारं शिरत होतं. संगमनेर गेल्यावर मी पोट दुखतंय म्हणून कण्हायला लागले. वाटलं, गाडी उलटी फिरेल. छबुबाईनं पिशवीतून ओव्याची पुडी काढली, अख्खी माझ्या तोंडात कोंबली आणि म्हणाली, "कशापायी रडतीस? गाडी काय तुझ्या एकटीची हाय?" ओवा घशात अडकला आणि खरंच पोटात दुखायला लागलं.

अकराच्या सुमारास पोहोचलो. बाग सुंदर होती, पण मी ती नीट पाहिलीच नाही. मी बघत होते ती लांबवरची काचेची इमारत. बाग दाखवायला एक म्हातारा कामगार होता. मी त्याला प्रश्न विचारून बेजार केलं. ठिबक कुठून आणलं, खत कुठलं, चिमण्या किती खातात. त्या माणसाला एवढं महत्त्व आयुष्यात कुणी दिलं नसेल. तोही खुलला आणि बोलत सुटला. मी मनात म्हटलं, बोल बाबा, संध्याकाळपर्यंत बोल.

छबुबाईनं एक घड उचलून मणी तोंडात टाकला. चावला. बी थुंकली.

"ही द्राक्षं लई बारकी हायत. साल जाड, पोटात बिया. कोन खातं ही?"

"खायला नसतात, मावशी," म्हातारा मोठ्या अभिमानानं म्हणाला. "ही वाइनची."

सगळ्या बायकांचे डोळे छबुबाईकडे वळले. अमरसिंह बुटाचं टोक मातीत खुपसून उभा राहिला. छबुबाईनं त्याच्याकडे पाहिलं, मग घड पानाआड होता तसा सोडून दिला. आता ही गाडीत जाऊन बसेल आणि परत चला म्हणेल, अशी मला आशा वाटली. तेवढ्या आनंदात माझा ओवा उतरला.

"बाई, लई झालं," मी म्हणाले. "आपन दोघी गाडीत बसू. माझे पाय भरून आल्यात."

"तू बस," ती म्हणाली. "मी बघून येते. भट्टीवर गेलते तवा काय गाडीत बसून गेलते?"

आणि पदर खोचून निघालीसुद्धा. हातभट्टीवर धाड घालायला ती अशीच निघायची, पुढे ती आणि मागं बायका. मी धावत तिच्या पुढं गेले, ठेचकाळले, चप्पल तुटली. चप्पल हातात घेऊन मी दारात पोहोचले तेव्हा ती आत शिरली होती.

लांबलचक टेबल, पांढरं कापड, प्रत्येकीपुढं उंच दांड्याचा पेला. आणि टेबलाच्या टोकाला काळा एप्रन घातलेली, केस करकचून बांधलेली रोहिणी. तिच्या हातात बाटली होती.

"अगं बया, ही तर आपली रोही!" आमच्या गटातली दगडाबाई ओरडली आणि लगेच तोंडावर हात ठेवला.

छबुबाईनं एकदा त्या बाटलीकडे पाहिलं. खुर्ची ओढून बसली. मला तिचं हे गप्प बसणं माहीत आहे. ती ओरडते तेव्हा मी भीत नाही, ती गप्प बसली की भिते. रोहिणीचा चेहरा पांढराफटक झाला होता. पण पोरगी खमकी. नमस्कार म्हणाली आणि सगळ्या पेल्यांत दोन-दोन घोट ओतले. आईच्याही.

"आधी पेला हलवायचा. मग नाक आत घालून वास घ्यायचा. मग थोडं तोंडात धरायचं. गिळायचं नसलं तर ह्या भांड्यात थुंकायचं," ती एका सुरात म्हणाली. शब्द पाठ होते.

आता आमच्या बायकांना परक्याच्या भांड्याला ओठ लावायची सवय नाही. तांब्या असो, पेला असो, वरूनच प्यायचं. दगडाबाईनं डोकं मागं टाकलं, पेला हातभर वर धरला आणि वाइन सरळ घशात सोडली. ती नाकात गेली. दगडाबाई जी खोकायला लागली, ती थांबेचना. बाकीच्यांनीही तसंच केलं होतं. तिघींच्या पोलक्यावर लाल डाग पडले. कुणी हसतंय, कुणी पाठीवर थापा मारतंय, अमरसिंह नॅपकिन घेऊन पळतोय. एरवी मी हसून हसून मेले असते. तेव्हा मात्र ती तुटकी चप्पल छातीशी धरून उभी होते.

छबुबाईनं पेला उचलला. हलवला नाही. नुसता नाकाखाली धरला आणि डोळे मिटले.

"चिंच," ती म्हणाली. "जुनी चिंच. अन् मागून जळक्या लाकडाचा धूर."

अमरसिंहनं टेबलावरचं माहितीचं कार्ड उचलून वाचलं आणि चाट पडला. "काकू, हेच लिहिलंय! चिंच अन् लाकडाचा धूर. लोकांना चार-चार दिवस शिकवावं लागतं हे!" बायकांनी टाळ्या वाजवल्या. मूर्ख बायका. छबुबाईनं पेला न चाखता खाली ठेवला, उठली आणि रोहिणीला म्हणाली, "भाईर चल."

मागच्या बाजूला लाकडी पिंपं धुवायचा ओटा होता. मी न बोलावता गेले. कुणी मला जा म्हणालंही नाही.

"सामान बांध," छबुबाई म्हणाली. "गाडीत जागा हाय. आत्ताच्या आत्ता."

"मी येनार न्हाई."

"ज्येनं तुझा बाप गेला, ते तू लोकाच्या हातात देतीस?"

"देते." रोहिणीनं एप्रनची गाठ घट्ट केली. "अन् वास कसा घ्यायचा ते बी शिकवते. मला कुनी शिकवलं ते इचार ना. इचार की आई!"

छबुबाई एक पाऊल मागं सरकली.

"आठ वर्षांची व्हते मी. बाबा यायच्या टायमाला तू मला उंबऱ्यात उभी करायचीस. जा, बाबाच्या गळ्यात पड, अन् तोंडाला वास येतो का ते मला येऊन सांग. रोज. बाबाला वाटायचं पोरगी लाडानं येती. मला उचलून घ्यायचे. अन् मी त्यांच्या तोंडापाशी नाक न्यायचे."

मी भिंतीला टेकले. आमच्या दोन्ही घरांत एकच भिंत. हे माझ्या कानावर कधी आलं नव्हतं. पोर बापाच्या गळ्यात पडते ते मी माझ्या दारातून कितीदा पाहिलं होतं, आणि बरं वाटून घेतलं होतं.

"देशी कंची, भट्टीची कंची, वरून बडीशेप खाल्ली का, समदं मला कळायचं," रोहिणी रडत म्हणाली. "अन् मी तुला न्हाई म्हनायचे. न्हाई आला वास. लई येळा खोटं बोलले, आई. हो म्हनलं की भांडनं, भांड्यांची फेकाफेक, समदी उपाशी. मी खरं सांगितलं आसतं तर तू त्यांना तवाच दवाखान्यात नेलं आसतंस. माझ्यामुळं ऱ्हायलं ते. रोज वाटतं मला. इथं बाटली उघडली की वाटतं."

आतून खुर्च्या सरकल्याचे आवाज येत होते. छबुबाई त्या ओल्या ओट्यावर बसली. लुगडं भिजत होतं, तिला भान नव्हतं.

"मला चुलीपाशीच यायचा," ती म्हणाली.

"काय?"

"वास. ते गल्लीत आले की मला चुलीपाशी कळायचं. तुला इचारायची गरज नव्हती." तिचा आवाज इतका हळू मी कधी ऐकला नव्हता. "तू न्हाई म्हनलीस की त्या दिशी मला भांडावं लागत नव्हतं. पोरगी न्हाई म्हनती, म्हंजी न्हाई. मग ताट वाढायचे. लई दमायचे मी, रोहे. तू न्हाई म्हनावंस म्हनूनच तुला धाडायचे."

रोहिणी तिच्या शेजारी बसली. दोघी एकमेकींना हात लावत नव्हत्या. मला तिथं उभं राहवेना आणि निघवेनाही.

मग आतून कुणीतरी रोहिणीला हाक मारली, दुसरी गाडी आली होती. तिनं नळाखाली तोंड धुतलं, एप्रनला पुसलं आणि आत गेली. छबुबाई तिच्या पाठीकडे बघत राहिली. मग उठून गाडीकडे चालू लागली. मी मागून अनवाणी.

गाडीत सगळ्या बायका चिडीचूप होत्या. हॉलमध्ये काय झालं ते त्यांनी पाहिलं होतं, मागं काय झालं त्याचा अंदाज बांधला होता. अमरसिंहनं मागची सीट रिकामी करून ठेवली होती. तो चाचरत म्हणाला, "काकू, रोहिणीताईंसाठी थांबायचं ना? त्यांचं सामान वर टाकतो."

छबुबाई खिडकीशी बसली. ओल्या लुगड्याचा सोगा पिळत तिनं त्याच्याकडे पाहिलं.

"ती कशी येईल?" ती म्हणाली. "तिची ड्युटी हाय सहापत्तोर."