गोळीतला गहू

औषधाच्या दुकानात माझ्या पुढच्या माणसानं कंबरदुखीची गोळी घेतली, तिथंच पाकिटातून काढली आणि पाण्याशिवाय गिळून तो चालता झाला. मी त्याच्या पाठीकडे बघतच राहिले. इतकं सोपं असतं हे?

मला सिलिअ‍ॅक आहे, म्हणजे गव्हाचा कणही माझ्या आतड्यांना सोसत नाही. चपाती सुटली, बिस्किटं सुटली, लग्नातली जेवणं सुटली. पोट मात्र अजून फुगतं, मुरडा येतो, आणि घरचे विचारतात, "आता तर सगळं सोडलंस, मग अजून काय?" जणू दुखण्याची हौस मलाच आहे. त्यात आता गुडघा दुखतोय. डॉक्टरांनी बजावलंय की जहाल वेदनाशामक या पोटाला नको. पॅरासिटामॉल घ्या, पण गोळी बांधायला तिच्यात घातलेला स्टार्च कशाचा आहे, गव्हाचा तर नाही ना, ते आधी विचारा.

म्हणून विचारलं. दुकानदार हसला. "ताई, गोळीत कुठला आलाय गहू?"

"स्टार्च कशाचा, ते लिहिलंय का?"

त्यानं खोका डोळ्यांजवळ नेला. "नुसतं स्टार्च लिहिलंय."

"मग दुसऱ्या कंपनीची बघा ना."

तिच्यावर तेवढंही नव्हतं. मागचे लोक चुळबुळायला लागले. आजारापेक्षा हे विचारणंच जास्त थकवतं. दर वेळी हट्टी आपणच ठरतो.

"गव्हाची एवढीच भीती असेल तर दुखणं थोडं सहन करा," तो वैतागून म्हणाला.

"सहन करणं घरी भरपूर आहे, दादा," मी म्हणाले. "दुसरं काही असेल तर द्या."