बांबूच्या फटीतून काढलेला हात

रोगराई आली की गाव बांधायची आमच्याकडे जुनी रीत. शिवेवर पूजा करायची. त्या दिवशी बाहेरचा माणूस आत येत नाही, आतला बाहेर जात नाही. कोरोनात आमच्या लोकांनी ब्रह्मपुरीच्या रस्त्यावर बांबूचं कुंपण ठोकलं आणि एका दिवसाची रीत महिनोन्‌महिने चालवली. पुरुषांनी पहारे वाटून घेतले. तोरा असा, की कोरोना जणू त्यांचं तोंड पाहूनच माघारी फिरणार. मला हसू यायचं, पण खरं सांगते, झोप त्या कुंपणाच्या भरवशावरच लागायची.

माझी लेक तेव्हा नऊ महिन्यांची झाली होती आणि तिची गोवराची लस राहिली होती. अंगणवाडीत दर महिन्याला येणाऱ्या नर्सबाई यायच्या बंद झाल्या होत्या. जावेचा मुलगा लेकीपेक्षा थोडा मोठा, त्याचीही तीच लस बाकी. गावाला कोरोनाची धास्ती, मला गोवराची. माझी धाकटी बहीण गोवरानं गेली होती. दाराला बांधलेला कडुनिंब आणि तिच्या उशाशी बसलेली आई मला अजून दिसते.

एका सकाळी नर्सबाई लसीचा थंड डबा खांद्याला लावून कुंपणापाशी उभ्या दिसल्या. पहाऱ्यावर माझे मोठे दीर, त्याच जावेचे नवरे, होते. माणूस मनाचा मऊ. ज्या घरी चूल पेटत नव्हती तिथे तांदूळ पोचवणारे तेच. पण बाई दवाखान्यातून आलेल्या, त्यांना आत घेता येणार नाही, असं त्यांनी हात जोडून सांगितलं. कोणी लेकराला घेऊन बाहेर गेलं तर परतल्यावर शाळेत वेगळं राहावं लागेल, हेही सांगितलं. बाई वाद न घालता उन्हात उभ्या राहिल्या. माझं डोकं मात्र तापलं.

आता आमच्याकडे सून मोठ्या दिराशी बोलत नाही. पदर डोक्यावर घ्यायचा आणि सांगायचंच झालं तर भिंतीला सांगायचं. मी लेकीला सांगितलं. तिची बाही वर केली, हात बांबूंच्या फटीतून बाहेर काढला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "तुहा हात तेवढा बाहेर जाऊन राह्यला, माय. तू गावातच आहे, भिऊ नको."

दीर जमिनीकडे पाहत राहिले. नको म्हणायलाही माझ्याशी बोलावं लागलं असतं. बाईंनी झटकन सुई टोचली, लेकीनं भोकाड पसरलं. मग आणखी दोघीतिघींनी आपल्या लेकरांचे हात पुढे केले. जाऊही मुलाला कडेवर घेऊन आली होती. तिनं नवऱ्याकडे पाहिलं. त्यांनी नकारार्थी मान हलवली. पहारेकऱ्याच्याच घरचं लेकरू हात काढू लागलं, तर गावानं नियम का पाळावा? ती मुलाला घेऊन मागे वळली. पुढच्या खेपेला याला पहिलं घेऊ, असं बाईंनी तिला सांगितलं.

पुढची खेप लवकर आलीच नाही. बाईंची ड्युटी कोरोनाच्या केंद्रावर लागली. धानाच्या रोवणीसाठी कुंपण काढलं, मजूर आले गेले आणि गावात गोवर शिरला. लेकीला काही झालं नाही. जावेचा मुलगा तापानं फणफणला. तो वाचला, पण त्याचे दोन्ही कान वाहू लागले. पुढे हळूहळू लक्षात आलं, मागून हाक मारली तर तो वळत नाही.

गेल्या वर्षी त्याच्या कानांना मशीन बसवून दीर घरी आले. मुलगा अंगणात कोंबड्यांच्या मागे फिरत, त्यांचा आवाज ऐकून हसत होता. मी पाण्याचा तांब्या ठेवून मागे सरले. लग्न होऊन आल्यापासून पहिल्यांदाच त्यांनी सरळ माझ्याकडे पाहिलं.

"त्या दिवशी फटीतून याचा हात तू काऊन नाई काढला? तुले नाई म्हणताच येत नव्हतं मले."

मला राग यायला हवा होता. आला नाही. पदर सावरायचं भान राहिलं नाही आणि मी त्यांच्यासमोरच रडले.