खारदुंगच्या माथ्यावर आमचा नारळ

लेहच्या बॅगेत सगळ्यात आधी नारळ गेला. कपडे नंतर.

मी खोडाळ्याचा. मिसरूड फुटल्यापासून खोडाळा, मोखाडा, जव्हार अशी जीप चालवतो. आम्हा जीपवाल्यांची एक रीत आहे. नव्या घाटात पहिल्यांदा गेलं, की माथ्यावर नारळ फोडायचा. फोडायचा पुरुषानेच. का, ते कोणी विचारलेलं मला आठवत नाही. इतकी वर्षं आमच्या घाटातल्या देवीने वळणावळणावर सांभाळलं, तर तिच्या नावाने एक नारळ लेहच्या वरच्या खारदुंगच्या घाटात द्यावा, एवढीच माझी हौस. माझ्या बायकोची, यमुनेची, त्याहून साधी. तिला बर्फ हातात धरायचा होता. "फ्रीजातला नको," ती म्हणाली, "आभाळातला."

भाद्रपद सरताना निघालो. नागली शेतात उभी होती, भाऊ राखणीला होता. नाशिकहून विमानाने दिल्ली आणि दुसऱ्या सकाळी लेह. नारळ पंचात गुंडाळून मोठ्या बॅगेत टाकला होता. खिडकीला नाक लावून यमुनेने विचारलं, "अवो, हे ढग का डोंगर?"

"डोंगर."

"मंग झाडं कुठं गेली?"

उतरलो आणि वाटलं, आभाळ कोणी आत्ताच धुऊन वाळत घातलंय. आम्ही एका घरातच खोली घेतली होती, दोन वेळच्या जेवणासकट. तुम्हीही तेच करा. हॉटेलपेक्षा स्वस्त पडतं आणि चुलीपाशी बसायला मिळतं. घरच्या म्हातारीला सगळे आमाले म्हणतात, म्हणजे आई. तिने दारातच बजावलं, "आज घूमना नहीं. पानी पीना, सोना. कल भी आराम."

मी हसलो. "आमाले, हम भी पहाड़वाले हैं."

"आपला डोंगर हिच्या उंबऱ्यालाबी पुरायचा नाय," यमुना म्हणाली. "झोपा गप."

ती झोपली. मी मात्र हळूच सटकून राजवाड्याच्या चढाला लागलो. काय सांगू! पोपलरची पानं नाण्यांसारखी चमचमत होती. प्रार्थनेची चक्रं दिसतील तिथे फिरवत गेलो, मनात आपल्याच देवीचं नाव घेत. जर्दाळू खाल्ले, आणखी घेतले, एका गाढवाला रामराम घातला. मी एकटाच हसत होतो. कशाला हसतोय ते कळत नव्हतं, पण थांबवतही नव्हतं.

मग डोंगरच फिरायला लागले.

संध्याकाळी दवाखान्यात नाकाला नळी होती. डॉक्टर म्हणाले, विरळ हवेत ते हसूही कधीकधी दुखण्यातलंच असतं. आणि खारदुंग? "बिलकुल नहीं."

दुसरा दिवस अंथरुणात गेला. तिसऱ्या दिवशीची टॅक्सी ठरलेली होती, चौथ्या दिवशी सकाळी परतीचं विमान. (टॅक्सीचे दर इथे युनियनचे, घासाघीस करू नका.) म्हणजे यमुना एकटी जाणार, नाहीतर नारळ आणि बर्फ दोन्ही राहणार.

"मी नाय जायाची," ती म्हणाली.

"आणि नारळ?"

"डायवर फोडल."

टॅक्सीवाला नामग्याल दारात उभा होता. त्याने नारळ हातात घेऊन कानाशी हलवला. "दीदी, इसको खोलते किधर से हैं?"

आमाले इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. "तुम जाओ बेटी. आदमी को मैं लहसुन का सूप पिलाती हूँ."

मी म्हणालो, "यमुने, तूच फोड."

तिने नामग्यालच्या हातातून नारळ घेतला. "देवीला चालल?"

"मला काय ठाऊक? वर गेल्यावर तूच विचार तिला."

ती गेली. आमचे प्रीपेड फोन तिकडे चालत नाहीत, हे आम्हाला तिथे जाऊन कळलं. तुम्ही पोस्टपेड न्या. मी अंगणात वाळत घातलेल्या जर्दाळूंपाशी बसलो. रस्त्याला गाडी वाजली की मान वर. आमच्या घरी यमुना स्वयंपाकघरातून माझ्या जीपचा आवाज ओळखते, चहा टाकते. इतकी वर्षं मला त्यात काही विशेष वाटलं नव्हतं. दुपारपर्यंत मीही नामग्यालच्या गाडीचा आवाज शोधू लागलो. सूप तीनदा गार झालं.

ती आली तीच बोलत. अजून चप्पल पायात.

"पयल्यांदा फुटलाच नाय! टनकन उडाला नि बर्फात घुसला. तिथं आलेल्या पंजाबी पोरी अशा हसल्या! मंग देवीला म्हनलं, बाई, मालक आजारी हाय, आज माज्या हातचा घे. नि हानला. दोन सरळ वाट्या!"

"चक्कर?"

"आली ना! पन गोड आली." तिने खोबऱ्याचा तुकडा माझ्या हातावर ठेवला. "सगळ्यांनी खाल्लं. नामग्यालने एक गाडीत देवापुढं ठेवला."

"आणि बर्फ?"

तिने स्टीलचा डबा उघडला. आत पाणी.

"वर होता," ती म्हणाली. "खरंच होता."

मी ते तीर्थासारखं तळहातावर घेतलं आणि प्यायलो. दात झणझणले.

आता घरी येऊन आठवडा झाला. लोक विचारतात, खारदुंग कसा आहे? मी यमुनेकडे बोट दाखवतो. ती सांगते, दर वेळी नारळ थोडा जास्त उंच उडतो. मला वाईट वाटत नाही. ऐकताना मी वर जाऊन येतो.

लेहहून आलो त्या दिवशी, नाशिकहून घरी परतताना आमच्या घाटात, वळणावरच्या देवीच्या शेंदूर लावलेल्या दगडापाशी, मी नेहमीप्रमाणे जीप थांबवली. सुखरूप आलो म्हणून त्र्यंबकहून घेतलेला नारळ घेऊन उतरलो. मागून दार वाजलं.

"द्या इकडं," यमुना म्हणाली. "तुमचा हात अजून हालतोय."

हात हलत नव्हता. मी नारळ दिला.