ओळखीच्या नावाची फाइल
डांबरगोळ्यांचा वास आला की मला बेळगावच्या त्या हॉस्पिटलची रेकॉर्ड रूम आठवते. डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षी मी तिथं दोन महिने ट्रेनिंगला होते. रोज कडोलीहून बसनं यायचं आणि पेशंटच्या जुन्या फायली नंबराप्रमाणं लावायच्या. दाराशी खुर्ची टाकून आक्का बसलेल्या असत, तिथल्या जुन्या क्लार्क. आत जाताना त्या माझा मोबाईल ड्रॉवरमध्ये ठेवून घ्यायच्या आणि निघताना डब्याची पिशवी उघडायला लावायच्या. मला चोर समजतात काय, म्हणून मी रोज धुमसायची. एका दुपारी हातातल्या फायलीवर ओळखीचं नाव दिसलं. गाव तेच, वयही तेच. रविवारी माझ्या थोरल्या बहिणीला बघून गेलेला मुलगा! मी दाराकडं बघितलं. खुर्ची रिकामी होती. फाइल उघडून भराभर पानं उलटली. अपेंडिक्सचं ऑपरेशन, चौथ्या दिवशी घरी. एवढंच? एवढंच कसं असेल, म्हणून पुन्हा पहिल्या पानापासून बघितलं. मान वर केली तर समोर आक्का. "घावलं काय गं?" "न्हाय." "आन् घावलं असतं तर घरात सांगितलं असतंस न्हवं?" मी फाइल मिटून त्यांच्या हातात दिली. त्यांनी फाइल जागेवर लावली, आणि संध्याकाळी नेहमीसारखी पिशवी तपासली. कुणाजवळ कधी बोलल्या नाहीत. आज तशाच एका दाराशी मी बसते. ट्रेनिंगच्या पोरी पिशवी उघडताना नाक मुरडतात. पिशवीत काही नसतं, हे मलाही ठाऊक आहे. फाइल लावताना कुणाचा हात मध्येच थांबतो, तेवढंच मी दिवसभर बघत असते.