रोवीनाची तिसरी सहामाही

रोवीना स्टॅम्परबरोबर मी केंटकीच्या डोंगरातल्या आमच्या हॉस्पिटलात अकरा वर्षं काम केलं. दोघी आयसीयूतल्या नर्सा. पेशंटचा श्वास बिघडणार हे तिला मशीनच्या आधी कळायचं. नवे डॉक्टर काही करण्यापूर्वी तिच्या तोंडाकडे बघत.

तिला भूल देणारी नर्स व्हायचं होतं. आमच्याकडे भूल द्यायला कुणी टिकेना, म्हणून बाळंतपणाचा वॉर्ड बंद झाला. मग तिची धाकटी बहीण आयडा दोन तासांवरच्या शहराकडे जाताना गाडीतच बाळंत झाली. बाळ गेलं. त्याच महिन्यात रोवीनानं भुलीच्या शिक्षणासाठी अर्ज केला.

अर्ज परत आला. गुणांची सरासरी चारपैकी किमान तीन हवी होती, हिची दोन पॉइंट चौऱ्याण्णव. एकोणिसाव्या वर्षीच्या तिसऱ्या सहामाहीनं घात केला होता. रसायनशास्त्रात नापास, शरीरशास्त्रात कशीबशी पास. त्या सहामाहीत खाणीचं छत तिच्या वडिलांवर कोसळलं होतं. नऊ आठवडे ते जगले आणि ती त्यांच्या उशाशी होती. एक फॉर्म भरला असता तर ती सहामाही रद्द झाली असती. पण घरातून कॉलेजात गेलेली ती पहिलीच, तिला सांगणार कोण?

तिनं ड्यूटी सांभाळून रसायनशास्त्र पुन्हा केलं. 'ए' मिळवला आणि कॉलेजला फोन लावला.

"अभिनंदन," पलीकडची बाई म्हणाली, "पण आम्ही दोन्ही गुण धरतो. जुने पुसले जात नाहीत."

मग तिनं औषधशास्त्र केलं, संख्याशास्त्र केलं. चार वर्षं सुट्टी म्हणून घेतली नाही. सरासरी तीन पॉइंट शून्य एक झाली आणि मुलाखतीचं बोलावणं आलं.

निघायच्या दिवशी तिच्या आईनं आम्हाला राजमा आणि मक्याचा पाव पोटभर खायला घातला. "भूल शिकलीस की आधी आयडाच्या नवऱ्याला दे," म्हातारी म्हणाली. "काय घोरतो मेला!" रोवीना इतकी हसली की तिला ठसका लागला.

गाडी मी चालवली. मुलाखतीतून ती वीस मिनिटांत बाहेर आली आणि शेजारी बसली.

"काय विचारलं ग?"

"त्या सहामाहीत काय झालं होतं, ते."

"मग? सांगितलंस ना?"

"मी म्हणाले, अभ्यास केला नाही."

"अगं रोवी, वेडी का तू? वडिलांचं का नाही सांगितलंस?"

"तोंड उघडलं होतं ग. पण समोर तिघं पेनं धरून बसलेले. वाटलं, बाबांचं मरण सांगायचं आणि हे त्याला गुण देणार. नाही जमलं मला." मग ती रडायला लागली, दोन्ही हातांनी तोंड झाकून. मी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. अकरा वर्षांत मी तिला रडताना पाहिलं नव्हतं.

नकाराचं पत्र तीन आठवड्यांनी आलं. "पुढच्या वर्षी पुन्हा भर, आणि या वेळी सगळं सांग," असं मी महिनाभर तिच्या मागे लागले. एकदाची ती तयार झाली. बाबांबद्दल चार ओळी लिहून तिनं मला वाचायलाही दिल्या. ड्यूटीवरच अर्ज भरायला बसलो तर कॉलेजनं किमान सरासरी तीन पॉइंट दोन केलेली.

तिनं कागदावर हिशोब मांडला. अजून किती विषय, किती वर्षं. तेव्हा ती एक्केचाळीस वर्षांची होती. कागद तसाच टेबलावर ठेवून ती उठली.

"चल," म्हणाली, "सहा नंबरच्या आजोबांना कूस बदलून द्यायचीय."

आजोबांना आम्ही दोघींनी वळवलं. ती त्यांच्याशी हवापाण्याच्या गप्पा मारत होती. मला मात्र तिच्याकडे बघवेना.