एकाच मेल आयडीचे दोन फोन

तुम्ही माझ्या नात्यातले नाहीत, गल्लीतले नाहीत, म्हणूनच तोंड उघडतोय. घरात हे कोणालाच ठाऊक नाही. पोरीला नाही, मेव्हणीला नाही, आणि जिला सगळ्यात आधी सांगायला पाहिजे होतं तिला — तिला तर नाहीच. आता लई थकलो. कुठून सुरू करावं तेही सुचंना, म्हणून फोनपासूनच करतो.

लातुरात गंजगोलाईच्या मागं माझं पाइप-फिटिंगचं दुकान आहे. दिवेलागणीला समोरच्या टपरीवर आमचा चहा असतो, आणि चहाबरोबर जगाची पंचाईत. बसवराजअण्णांनी बॅटरीवरची कार घेतली तेव्हा पंधरा दिवस तोच विषय. कोणीतरी म्हणालं, अण्णा, तुमची गाडी उदगीरला गेली की नांदेडला, सगळं कंपनीला कळतं म्हणे. अण्णा म्हणाले, "कळू द्या की. मी काय चोऱ्या करायला जातो व्हय?" मग फोनवर गाडी घसरली. फोन आपलं ऐकतो, आपण खव्याचं बोललो की खव्याचीच जाहिरात येते, वगैरे वगैरे. त्यात माझा आवाज सगळ्यात मोठा. मी म्हणायचो, ज्याच्या पोटात पाप आहे त्यानं भ्यावं, आपल्या घरात लपवायला आहेच काय? सगळे माना डोलवायचे. आणि हे बोलताना माझ्या खिशात काय होतं? माझ्या बायकोचं अख्खं मन होतं हो.

झालं असं, की महानंदाला — माझ्या बायकोला — नवा फोन घेतला तेव्हा मोबाइलच्या दुकानातल्या माणसानं मेल आयडी मागितला. तिच्याकडं कुठला असणार? त्यानं माझाच टाकला. आपल्याकडं निम्म्या घरांत असंच करतात, एकदा घरातले फोन तपासून बघा. आधी तिनं काढलेले फोटो माझ्या फोनात यायला लागले. शेजारणीच्या ब्लाउजचा गळा, तव्यावरची धपाटी. मी हसलो. मग कळलं, ती फोनला जे काही विचारते तेही माझ्याकडं ओळीनं दिसतं. तिला टाइप करायचा कंटाळा. माईकचं बटण दाबायची आणि मैत्रिणीशी बोलावं तसं बोलायची. ज्वारीला किडे लागले तर काय करावं. नवरा लई घोरतो उपाय सांगा. हे वाचून गल्ल्यावर बसल्या बसल्या मला ठसका लागला होता. त्याच संध्याकाळी घरी जाऊन सांगायला पाहिजे होतं — अगं, तुझं सगळं मला दिसतंय! तेव्हा ती हसण्यावारी नेण्यासारखी गोष्ट होती. का नाही सांगितलं?

कारण सोय झाली. तिनं मोरपंखी इरकल शोधली, मी मोरपंखी इरकल घेऊन गेलो. ती बघतच राहिली. "अगं बाई! तुमाला कसं कळलं?" मी नुसता मिशीत हसलो. तिनं हदगावच्या बहिणीला फोन करून सांगितलं, की यांना आता न बोलता सगळं कळून राहिलं. खोटं कशाला बोलू, मला ते आवडलं. एवढ्या वर्षांच्या संसारात माझं कौतुक कोणी केलं होतं? मग एक दिवस त्या यादीत दिसलं — नवरा घरात बोलत नाही काय करावं. लागलं मला. दोन दिवस धुसफुसत राहिलो, आणि तिसऱ्या दिवसापासून जेवताना बोलायला लागलो. तिला वाटलं महादेव पावला. तिनं सोमवारी सिद्धेश्वराला नारळ फोडला. असा मी चोरून चोरून चांगला नवरा झालो, आणि दर साडीबरोबर खरं सांगणं अवघड होत गेलं.

आता मुद्द्यावर येतो. येतो म्हणतोय आणि चहाच्या टपरीवर घुटमळतोय, माझं मलाच दिसतंय.

शिवानीचं — आमच्या एकुलत्या पोरीचं — लग्न ठरलं त्या वर्षीची गोष्ट. महालक्ष्म्या बसायच्या होत्या, महानंदा साफसफाईत बुडालेली. दुपारी दुकानात गिऱ्हाईक नव्हतं, म्हणून सवयीनं फोन उघडला. तिनं विचारलं होतं — काखेजवळ गाठ आहे दुखत नाही. त्याच्याखाली तेच, जरा वेगळ्या शब्दांत. आणि त्याच्याखाली — आईला कॅन्सर असला तर मुलीचं लग्न मोडतं का.

मी ते पुन्हा पुन्हा वाचलं. तेवढ्यात एक माणूस पाइपाचा एल्बो मागायला आला. त्याला एल्बो दिला, सुटे पैसे दिले, त्याच्याशी पावसाचं बोललो.

करायचं काय होतं? घरी जायचं आणि म्हणायचं, महानंदा, चल दवाखान्यात. एवढंच. पण ती विचारणार — तुमाला कोण सांगितलं? आणि मग इरकल आली, जेवतानाच्या गप्पा आल्या, सगळंच उघडं पडलं असतं. त्या वेळचं तिचं तोंड मला बघवलं नसतं. म्हणून गप्प बसलो. हे अर्धंच झालं. उरलेलं अर्धं याहून वाईट आहे. मीही लग्नाचाच हिशोब केला. व्याही चिकित्सेखोर, पत्रिका काय, माहेरची माणसं काय, सगळं खोदून खोदून विचारलेलं. पोरीची आई आजारी आहे कळलं असतं तर स्थळ मागं फिरलं असतं. ती स्वतःच गप्प आहे ना? मग राहू दे. पोरीच्या अक्षता पडू देत, नंतर बघू. म्हटलं, सगळ्याच गाठी काही तसल्या नसतात. हे मला खरं वाटत होतं का? नव्हतं.

आडून आडून विचारलं तेवढं. बीपी-बिपी तपासून येऊ का गं? तर म्हणाली, "कामून? मला काय धाड भरली?" मी लगेच विषय बदलला. आणि मग — हे सांगायची मला सगळ्यात जास्त लाज वाटते — मी तिला स्मार्टवॉच घेतलं. दुकानदार म्हणाला, ठोके, ऑक्सिजन, झोप, सगळं दाखवतं, दवाखानाच हातावर बांधल्यागत हाय. मला वाटलं, हातात असलं की तिला तब्येतीची आठवण होईल आणि ती आपण होऊन बोलंल. भित्र्या माणसाचं डोकं कुठं कुठं चालतं बघा. दिवाळीच्या पाडव्याला तिनं ओवाळलं, मी ताटात ते घड्याळ घातलं. लेकरासारखी हरखली. रोज सकाळी उठली की आधी त्यात बघायची आणि मला दाखवायची. "बघा, घड्याळ म्हणून राहिलं, सगळं ठीक हाय." ठोके ठीक, झोप ठीक, सगळं हिरवं.

त्यानंतर माझ्या यादीत गाठीचे प्रश्न यायचे बंद झाले. तिनं घड्याळावर विश्वास टाकला होता. ठोके मोजणाऱ्या घड्याळाला गाठ कळत नाही, हे मला ठाऊक होतं. तिला ठाऊक नव्हतं. मी दिलेलं होतं म्हणून तिला ते खरं वाटलं. एवढं दिसत असूनही मी बोललो नाही.

लग्न झकास झालं. मांडवात ती वाऱ्यासारखी फिरत होती. डावा हात वर करताना थांबायची, ते फक्त मला दिसलं. संक्रांतीला लेक-जावई येऊन गेले, आणि ते गेल्यावर ती चुलीपुढं — म्हणजे गॅसपुढंच, पण आम्ही अजून चूलच म्हणतो — खाली बसली आणि म्हणाली, अहो, एक सांगायचं होतं. तिनं सांगितलं, आणि मी मोठ्यानं "काय?" म्हणून ओरडलो. नाटक केलं. चांगलं वठलं.

दवाखान्यात डॉक्टरबाईंनी विचारलं, गाठ कधीपासून आहे? महानंदानं आधी माझ्याकडं बघितलं, मग म्हणाली, झाले असतील पंधरा-वीस दिवस. डॉक्टरबाई माझ्याकडं वळल्या. मला महालक्ष्म्यांच्या आधीची ती दुपार आठवत होती. मी मान हलवली. हो म्हणालो. रिपोर्ट आले तेव्हा त्या म्हणाल्या, पसरलंय, काही महिने आधी आला असता तर गोष्ट वेगळी होती.

बाहेर बाकड्यावर येऊन बसलो. मला वाटलं, आता सांगावं. तेवढ्यात तिनंच माझा हात धरला आणि रडायला लागली. म्हणाली, "मी खोटं बोलले बाईंपाशी. लग्नाच्या आधीपासून हाय ती गाठ. पोरीचं मोडंल म्हणून तुमच्यापासून बी लपवलं. तुमच्यावानी माणसाला फसवलं मी. मला माफ करा."

मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणालो, जाऊ दे, केलं माफ.

तिला बरं वाटलं. डोळे पुसले, पदर सावरला, आणि आम्ही रिक्षानं घरी आलो. पुढच्या श्रावणात ती गेली. शेवटपर्यंत येईल-जाईल त्याला सांगायची, माझीच चूक झाली, यांना आधी सांगितलं असतं तर यांनी एक दिवस वाया घालवला नसता. मी शेजारीच बसलेलो असायचो.