विहीणबाईंची नदी

आमच्या विहीणबाई मीरा रोडला आल्या त्या दिवशी बाहेर एप्रिलचं ऊन होतं आणि त्यांच्या अंगावर गुडघ्यापर्यंतचा लोकरी कोट. विमानतळापासून घरापर्यंत त्यांनी तो काढला नाही. घरात आल्यावरही त्या सोफ्याच्या कडेला तशाच बसून राहिल्या, पुढची गाडी पकडायची असल्यासारख्या. सुनेने कोट हळूच खांद्यावरून उतरवला. मांडीवरची कापडी पिशवी मात्र त्यांनी सोडली नाही.

माझा मुलगा डॉक्टरकी शिकायला युक्रेनला होता. तिकडच्या पूर्वेच्या एका शहरात त्याची आणि आमच्या सुनेची ओळख झाली. तो परत आला, मागोमाग ती आली, आणि भाईंदरच्या एका हॉलमध्ये आम्ही त्यांचं लग्न लावून दिलं. विहीणबाईंना तेव्हा येता आलं नाही, कारण त्यांच्या थिएटरात नवं नाटक बसत होतं. त्या बाहुल्यांच्या थिएटरात काम करायच्या. बाहुल्या कोरायच्या, रंगवायच्या, मागचे पडदे रंगवायच्या. मानाची म्हणून घेतलेली साडी माझ्या कपाटातच राहिली. पुढे युद्ध सुरू झालं. काही दिवस त्यांनी इमारतीच्या तळघरात काढले, आणि लेकीने फोनवर रडून रडून त्यांना बाहेर काढलं. आधी सरहद्दीपर्यंत रेल्वे, मग पोलंड, मग विमान.

आमची सून आपल्या आईला 'मामा' म्हणते. त्यांच्याकडे आईला तसंच म्हणतात. पहिल्या दिवशी ती "मामा आली" असं म्हणाली तेव्हा खालच्या वॉचमनने ह्यांना विचारलं होतं, "साहब, मामाजी किधर है?"

ती पिशवी त्यांनी दुसऱ्या दिवशी उघडली. जेवणाच्या टेबलावर पांढरा रुमाल पसरला आणि आतून एकेक वस्तू काढून ठेवली. लाकडाचे हात होते. बोटभर लांबीचे, जोडी-जोडीने दोऱ्याने बांधलेले. कुठे म्हाताऱ्या बाईचे गाठी आलेले हात, कुठे गुबगुबीत लहानसे, कुठे नुसते पंख.

"बाकी काय झालं? डोकी, अंगं?" मी सुनेला विचारलं.

तिने आईला विचारलं. विहीणबाई शांतपणे काहीतरी बोलल्या.

"मामा म्हणते, बाकी सगळं कुठेही करता येतं. हातांनाच वेळ लागतो. म्हणून हात घेतले."

मी आयुष्यभर विमा कंपनीत नोकरी केली. परळहून इकडे राहायला आले, निवृत्त झाले. नाटक म्हणजे मला शनिवारी तिकीट काढून बघायची गोष्ट. ह्यांचं तसं नाही. हे रत्नागिरीकडचे, तरुणपणी गावच्या नमनाच्या खेळात नाचलेले. ते बराच वेळ त्या हातांकडे बघत राहिले आणि एक उचलून आपल्या तळव्यावर ठेवला.

पुढचे काही महिने मला आता आठवतात ते दुपारच्या झोपेत दिसलेल्या गोष्टींसारखे, थोडे पुढेमागे झालेले. आमचं घर सातव्या मजल्यावर. बेव्हर्ली पार्कच्या इमारतींच्या फटीतून लांबवर मिठागरं दिसतात. विहीणबाई गॅलरीत खुर्ची टाकून तिकडे बघत बसायच्या. उन्हात तो पांढरा पट्टा हलल्यासारखा वाटायचा. एकदा त्यांनी लेकीला विचारलं, तिथे बर्फ पडलंय का. "मीठ आहे ते, मामा," ती म्हणाली. विहीणबाई आधी तिच्याकडे, मग माझ्याकडे बघून हसल्या. आमच्या घरातलं त्यांचं ते पहिलं हसू.

आमच्यात भाषा नव्हती. सून आणि मुलगा दिवसभर हॉस्पिटलात, हे गावच्या मंडळाच्या कामात, आणि आम्ही दोघी घरात. मी मराठीत बोलायचे, त्या त्यांच्या भाषेत, आणि कुणाचं काही अडायचं नाही. विहिणीसाठी त्यांच्याकडे खास शब्द आहे, स्वाखा. हे कळलं तेव्हा मला फार आनंद झाला. इतक्या लांबच्या दोन भाषांना ह्या नात्याला नाव द्यावंसं वाटलं होतं. मग मी त्यांना विहीणबाई म्हणायचे आणि त्या मला स्वाखा.

पावसाळा संपत आला तेव्हा त्यांच्या थिएटरच्या दिग्दर्शकाचा फोन आला. तो पश्चिमेकडच्या एका गावात जाऊन राहिला होता. बाकीची माणसं सगळीकडे पांगली होती. एक नट जर्मनीत वृद्धाश्रमात काम करत होता, एक नटी पोलंडमध्ये बहिणीकडे, आणि एक म्हातारी नटी हट्टाने मागेच राहिलेली. दिग्दर्शकाचं म्हणणं असं की अर्धवट राहिलेलं नाटक पुरं करायचं. जो जिथे असेल तिथून आपल्या पात्राचे संवाद फोनवर बोलून पाठवेल. ज्यांच्याकडे हात आहेत त्यांनी बाहुल्या कराव्यात. प्रयोग मीरा रोडला होईल आणि त्याच्या गावात तळघरात भरणाऱ्या शाळेतली मुलं तो फोनवर बघतील.

नाटकाची गोष्ट साधी होती. एका गावाची नदी रुसून निघून जाते. पाणचक्कीवाला, मास्तरीण, एक म्हातारी आणि तिचा हंस असे सगळे तिला शोधायला निघतात.

मग आमचं घर बदललं. आम्ही दोघी केबिन रोडला जाऊन शिंप्यांकडून चिंध्या, अस्तराचं कापड, लेस आणायचो. "मॅडम को क्या बनाना है?" दुकानदार विचारायचा, आणि मी हिंदीत नदीची गोष्ट सांगेपर्यंत त्याची बाकीची गिऱ्हाइकं कान देऊन उभी राहायची. म्हातारीचे केस काथ्याचे झाले. हात हलवायला छत्रीच्या काड्या लागल्या. समोरच्या गुजराती बेननी तर घरातल्या सगळ्या मोडक्या छत्र्या आणून दिल्या. रंगवलेली डोकी वाळायला विहीणबाई गॅलरीतल्या दोरीवर चिमट्याने लावायच्या. दुपारी माझा डोळा लागायचा आणि जाग आली की ह्यांच्या बनियनच्या बाजूला पाणचक्कीवाला वाऱ्यावर मान हलवताना दिसायचा. क्षणभर कळायचं नाही की मी उठलेय की नाही.

नदी कशाची करायची ते काही केल्या ठरेना. साटीन लावून बघितलं, ते नुसतंच चमकायचं. आमच्याकडे उत्तनहून मासे घेऊन येणारी कोळीण आहे. तिने पसारा बघून विचारलं काय चाललंय. मी सांगितलं. ती म्हणाली, "जुनं जालं हाय ना माज्याकडं. फाटलंय, पन निलं हाय." दोन दिवसांनी तिने निळ्या नायलॉनचं जाळं आणून टाकलं. विहीणबाईंनी ते दोन्ही हातांनी उचलून उजेडात धरलं. जाळ्यातून पलीकडची इमारत, आकाश, सगळं निळं दिसत होतं. त्या कोळणीच्या गालाला गाल लावून आल्या. घरात मासळीचा वास कितीतरी दिवस होता, आणि मला वाटतं नदीला तो शोभला.

एकेक आवाज येऊ लागला. विहीणबाई फोन टेबलावर ठेवायच्या आणि त्या त्या बाहुलीला समोर बसवून तिचा आवाज तिला ऐकवायच्या. पाणचक्कीवाल्याचा जाड आवाज जर्मनीतून आला. मास्तरणीचा पोलंडमधून, मध्येच मागे कुठेतरी ट्रामची घंटा. नदीचा आवाज मागे राहिलेल्या म्हाताऱ्या नटीचा होता. नदीला शब्द नव्हते, नुसतं गुणगुणणं. तो काही येईना. त्या हिवाळ्यात त्यांच्या शहरातली वीज गेली होती, फोन लागत नव्हता, आणि कुणालाच काही कळत नव्हतं.

दिग्दर्शक म्हणाला, नदी मुकीच ठेवू. विहीणबाई नाही म्हणाल्या. फोन ठेवल्यावर त्या जाळं मांडीवर घेऊन बसून राहिल्या. जेवायला उठल्या नाहीत. मी ताट तिथेच नेऊन ठेवलं आणि शेजारी बसले. ती बाई जिवंत आहे का, हा प्रश्न आमच्या दोघींच्या मध्ये होता. तो मला कुठल्याच भाषेत विचारता आला नाही.

दोन-तीन दिवसांनंतरची दुपार. मी जमिनीवर वर्तमानपत्र पसरून मेथी निवडत होते. अशा वेळी मी गुणगुणते, हे मला घरच्यांनीच सांगितलेलं. माझी आई आम्हाला झोपवताना जे गुणगुणायची तेच. त्याला शब्द होते की नाही, मला आठवत नाही. वर बघितलं तर विहीणबाई दारात उभ्या होत्या, हातात ओला ब्रश, आणि रंग फरशीवर ठिबकत होता. त्यांनी मला खूण केली, थांबू नकोस.

संध्याकाळी सून घरी आल्यावर दोघींचं बराच वेळ बोलणं झालं. मग ती माझ्याजवळ आली.

"आई, मामा म्हणते, नदी तुम्ही आहात."

"अगं, मला कुठे गाता येतं?"

तिने आईला सांगितलं. उत्तर लगेच आलं. "ती म्हणते, गाऊ नका. भाजी निवडा."

दुसऱ्या दिवशी आणखी दोन जुड्या मेथी आणली. पंखा बंद केला, खिडक्या लावल्या, आणि विहीणबाई फोन घेऊन माझ्या समोर मांडी घालून बसल्या. आधी मी फोनकडेच बघत राहिले. मग पानं खुडता खुडता मी त्यांना विसरले. फोनलाही विसरले. डोळ्यांपुढे आमचं जुनं बिऱ्हाड आलं, आईचा हलणारा हात आला, आणि मी कितीतरी वेळ तिथे होते. थांबले तेव्हा विहीणबाईंच्या डोळ्यांत पाणी होतं, पण त्या हसत होत्या. त्या रात्री जेवताना सून म्हणाली, "आई, मामा विचारते, आता तुम्हाला 'तू' म्हटलं तर चालेल का? आमच्याकडे असं विचारून म्हणतात."

तेव्हापासून मीही तिला 'तू' म्हणते.

प्रयोग पेणकरपाड्यात, ह्यांच्या गावकऱ्यांच्या मंडळाच्या खोलीत झाला. नमनाच्या तालमी होतात तीच खोली. एका रविवारी संध्याकाळी बांबूची चौकट बांधून काळा पडदा ताणला. पडद्यामागे ती, सून, मुलगा आणि हे. ह्यांच्याकडे हंस होता. सत्तरीला टेकलेला माणूस गुडघ्यांवर बसून पंख हलवत होता आणि तालमीत एकदाही चुकला नव्हता. मी समोर खुर्चीवर बसून फोन धरला होता. फोनमध्ये तिकडचं तळघर दिसत होतं. कोट-टोप्या घातलेली मुलं दाटीवाटीने बसली होती. आमच्या खोलीत मंडळाची माणसं, त्यांच्या बायका, समोरच्या बेन, कोळीणसुद्धा. भाषा कुणालाच कळत नव्हती, म्हणून मुलाने आधी गोष्ट मराठीत आणि मग हिंदीत सांगून टाकली.

म्हातारी आपल्या गाठाळ हातांनी दार उघडून बाहेर बघते आणि नदी जागेवर नसते, तिथून सुरुवात झाली. मध्येच फोनमधलं चित्र अडकलं, पुन्हा सुरू झालं. एकदा तिकडे हल्ल्याच्या इशाऱ्याचा बारीक भोंगा ऐकू आला. मी फोन दोन्ही हातांनी धरला. तिथल्या बाईंनी छताकडे बघितलं, पण मुलं हलली नाहीत. ती सगळी आधीच तळघरात होती. त्यांचे डोळे हंसावर होते.

शेवटी नदी परत आली. काळ्या पडद्यावरून निळं जाळं हळूहळू सरकत खाली उतरलं आणि स्पीकरमधून माझा आवाज आला. मला तो ओळखूच येईना. तो कुणा दुसऱ्याच बाईचा वाटत होता, माझ्यापेक्षा मोठ्या, कशाचीच घाई नसलेल्या. तिकडे पुढच्या रांगेतली एक मुलगी हळूहळू डुलत होती. थोड्या वेळाने तिच्या शेजारचीही डुलायला लागली.

संपल्यावर मुलांनी टाळ्या वाजवल्या, हातमोज्यांमुळे त्या मऊ वाजल्या. आमच्या खोलीतही टाळ्या झाल्या. माझी विहीण पडद्यामागून लगेच आली नाही. मी मागे गेले तेव्हा सून आईला धरून बसली होती आणि हे हंस हातातच घेऊन उभे होते.

त्या म्हाताऱ्या नटीचा पत्ता थंडी संपताना लागला. ती पुतणीकडे खेड्यात गेली होती, फोन वाटेत हरवला होता. दिग्दर्शकाने तिला प्रयोगाचं चित्रण दाखवलं. तिचा निरोप सुनेने मला शब्दाशब्दाने सांगितला. नदी जरा हळू वाहते, पण आता मुलांना तीच माहीत आहे, तर तीच राहू दे.

माझी विहीण पुढच्या वर्षी परत गेली, आपल्या शहराला नाही, दिग्दर्शकाच्या गावाला. तिथल्या संगीतशाळेने त्यांना एक खोली दिली आहे. जाऊ नको, असं मी म्हटलं. सुनेने ते भाषांतर करून सांगायच्या आधीच तिने माझा हात हातात घेतला, म्हणजे तिला ते कळलं होतं. ती म्हणाली, मुलं तिकडे आहेत. मी तिची मानाची साडी कपाटातून काढून तिच्या सामानात घातली. बाहुल्या तिने टॉवेलांत गुंडाळल्या. विमानतळावर आम्ही दोघी खूप वेळ आपापल्या भाषेत बोलत होतो.

आता ती लोकं नवीन नाटक बसवतायत, समुद्राचं. त्यांच्यातल्या बऱ्याच मुलांनी समुद्र बघितलेला नाही. मागच्या आठवड्यात तिने सांगितलं, तुमच्या समुद्राचा आवाज पाठव. मी आणि हे बस धरून उत्तनला गेलो, खडकावर बसून फोन लाटांकडे धरला आणि घरी येऊन तो आवाज पाठवून दिला. आज सकाळी उत्तर आलं. सुनेने चहा पिता पिता वाचून दाखवलं.

"मामा म्हणते, हा समुद्र नाही, हा नुसता वारा आहे. पाण्याच्या आणखी जवळ जा."

हे रबरी चपला शोधतायत.